शिळे पाणी

आज मला दिलेला विषय आहे 'आपल्या सवयी आणि आपला परिसर'. विषयाचे नाव भारदस्त आहे. ते ऐकून कोणाला वाटेल, आता हे मास्तर जंगले, कारखाने, धूर आणि आकाशातले वायू असल्या लांबच्या गोष्टी सांगत बसणार. तसे काही मी करणार नाही. मी तुम्हांला एका घागरीची गोष्ट सांगणार आहे. घागर माझ्याच घरातली आहे आणि गोष्टीत जी चूक आहे तीही माझीच आहे. तेव्हा कोणी बोल आपल्यावर घेऊ नये. घ्यावासा वाटला, तर मात्र माझी हरकत नाही!

मोहोळ तालुक्यातल्या एका गावी मी बरीच वर्षे शाळामास्तर होतो. आता निवृत्त झालो आहे. गोष्ट आहे २०१३ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडची. आदल्या वर्षीचा पाऊस हुकला होता. विहिरींनी तळ दाखवला होता. गावच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचे, तेही सकाळी तासभर. पाण्याचा दिवस म्हणजे घरोघर लगीनघाई. पोरे पहाटेच उठायची, बायका पदर खोचून तयार राहायच्या, आणि नळ खळखळला की पहिले काम काय व्हायचे, तर पिंपात, रांजणात, घागरीत जे पाणी उरले असेल ते भडाभड गटारीत ओतून द्यायचे. का? तर ते शिळे झाले! मग भांडी घासायची, विसळायची आणि ताजे पाणी भरायचे. आमच्याही घरी हेच चालायचे. मी मास्तर, विज्ञानाचा तास घेणारा. पण त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. सगळे करतात, आपणही करतो. सवय म्हणतात ती हीच.

त्या साली पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात बरी, अक्षर मोत्यासारखे. पण हजेरीपट पाहताना माझ्या लक्षात आले की ही बरोबर चौथ्या दिवशी गैरहजर असते. एके दिवशी मी तिला उभे केले आणि जरा आवाज चढवूनच विचारले, "काल का आली नाहीस?"

ती म्हणाली, "गुरुजी, काल पाणी आलं होतं की ओ."

मी म्हणालो, "पाणी माझ्याही घरी आलं होतं. मी आलो की नाही शाळेत?"

वर्ग हसला. ती खाली मान घालून म्हणाली, "आमच्या नळाला पाणी येत नाही, गुरुजी. नुसता वारा येतो. मग आजीबरोबर मळ्यातल्या विहिरीवर जावं लागतं."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. आमच्या आळीचे नळ एकाच नळमार्गावर. टाकीपासून तिसरे घर माझे, आणि मुलीचे घर आळीच्या अगदी शेवटी, थोडे चढावर. आजी दारात बसली होती. मला पाहताच ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ज्या घरी नळाला वारा येतो त्या घरीसुद्धा आल्या-गेल्याला आधी पाणी, ही आपली रीत. तो तांब्या हातात घेताना मला कसेसेच झाले. आजी काही रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "पाणी सुटतंय ते खरं हाय, गुरुजी. पर तुमची सगळ्यांची भांडी भरूस्तवर टाकी रिती हुतीया."

तुमची सगळ्यांची! त्यात मीही आलो. शिवाय आमच्या नळाला तर मी वीजमोटार लावली होती.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी मुद्दाम अंगणात उभा राहून मोजले. माझ्या घरातून चार घागरी पाणी गटारीत गेले. घागर दहा लिटरची धरली, तर चाळीस लिटर झाले. आमच्या आळीत पन्नास घरे. सगळ्यांनी आमच्यासारखेच केले तर दोन हजार लिटर. चौथ्या दिवशी एकदा, म्हणजे वर्षाकाठी एक्क्याण्णव वेळा. गुणाकार करून पहा, एक लाख ब्याऐंशी हजार लिटर होतात. ही एका आळीची, एका वर्षाची, फक्त 'शिळे' म्हणून ओतायच्या पाण्याची बेरीज! हा हिशेब मी फळ्यावर मांडला, तेव्हा वर्गात कोणी हसले नाही.

घरी हा विषय काढला, तेव्हा माझी आई ओसरीवर बसली होती. तिने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेला. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, आम्हां पोरांना सुकडीवर वाढवले. त्या साली ती आम्हांला परातीत बसवून आंघोळ घालायची. परातीत साठलेल्या पाण्यात धडुती बुचकळायची, आणि राहिलेले गढूळ पाणी दारातल्या शेवग्याच्या बुंध्याशी जायचे. तो शेवगा त्या वर्षीही वाळला नाही. माझे बोलणे ऐकून ती माझ्या पत्नीला म्हणाली, "सूनबाई, शिळी भाकरी आपण आवडीनं खातो. मग पाण्यानंच काय पाप केलंय?"

श्रोतेहो, आता शास्त्राच्या बाजूने हे पाहू. पाणी म्हणजे काही दूध नव्हे किंवा कालवण नव्हे. स्वच्छ भांड्यात, झाकण घालून ठेवलेले स्वच्छ पाणी चार दिवसांत नासत नाही. ते बिघडते ते आपल्या हाताने. उघडे ठेवले, त्यात पेला बुडवताना बोटे बुडाली, धूळ पडली, तर ते दुसऱ्या तासालाही पिण्याच्या लायकीचे राहत नाही. म्हणून पिण्याच्या भांड्यावर झाकण हवे आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे हवे. शंका वाटली तर उकळून घ्यावे. आजी-आजोबांना हे ठाऊक होते. म्हणून तर पाण्याच्या जागेला चप्पल घालून जायची बंदी होती.

पण आपल्या बायाबापड्यांची सवय अगदीच अडाणीपणाची आहे, असेही कोणी समजू नये. साठवलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. डेंग्यू पसरवणारा डास तर घरातल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तो जरूर पाळावा. पिंप रिकामे करावे, आतून घासावे, कोरडे होऊ द्यावे. मात्र रिकामे करायचे म्हणजे गटारीत ओतायचे असे थोडेच आहे? त्या पाण्याने कपडे धुवावेत, फरशी पुसावी, गोठा धुवावा, झाडाला घालावे. भांडे रिकामे झाल्याशी मतलब. पाणी वाया जाण्याशी नव्हे.

आता ही घागर येते कुठून, ते पहा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात सरासरीने वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही भरवशाचा नाही. आपली मुख्य भिस्त उजनीवर. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. पुरे भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातले निम्म्याहून अधिक पाणी अचल साठ्याचे आहे. ते कालव्याने सहज बाहेर येत नाही. २०२३ साली पाऊस कमी झाला, धरण पुरते भरले नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी अचल साठ्याच्याही खाली, उणेमध्ये गेली. पाणी असे आटले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. लांबलांबची माणसे ते पाहायला जातात. मंदिर पाहावे, पण ते दिसते का, याचाही विचार तिथे उभे राहून करावा.

सोलापूर शहरासाठी तर अनेक वर्षे उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडले जात होते. ते पंढरपूरवरून शंभरावर किलोमीटर वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायचे. वाटेत काही वाळूत मुरायचे, काही उन्हाने उडून जायचे. चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी येणे, हे सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. एवढा प्रवास करून दारात आलेल्या पाहुण्याला आपण शिळा म्हणून गटार दाखवतो!

आता दुसरी बाजू. उजनीत पाणी येते ते सह्याद्रीवरच्या पावसाचे, पण येताना ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडवरून येते. पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला मिळते, आणि त्या भीमेत येतात. इंद्रायणीही तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे त्या लाखो घरांच्या मोरीतले पाणी, जेवढे शुद्ध न होता नदीत जाते तेवढे, शेवटी आपल्याकडे येते. त्यात मैला असतो आणि कपडे धुण्याच्या पावडरीही असतात. नत्र आणि स्फुरद ही पिकाला घालायची खते तुम्हांला माहीत आहेतच. तीच द्रव्ये या सांडपाण्यातून धरणात जातात. मग पाण्यावर जलपर्णी माजते, पाणी हिरवेगार होते, खाली प्राणवायू कमी पडतो आणि मासे गुदमरतात. भोई बांधवांना याची झळ आधी लागते. पुण्यातल्या एखाद्या बाईने मूठभर पावडर जास्त टाकली तर फेस जास्त येतो. कपडे जास्त स्वच्छ होतातच असे नाही. पण त्या फेसाचा वाटा आपल्या घागरीपर्यंत पोचतो.

हे ऐकून आपण चटकन पुणेकरांना नावे ठेवू. त्यांनी आणि त्यांच्या महानगरपालिकांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे, हे आपण ठासून सांगावे. तो आपला हक्क आहे. परंतु नदी सोलापुरात संपत नाही. कुडलच्या संगमावर सीना भीमेला मिळते, आणि पुढे ती कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. तिथेही घागरी भरणाऱ्या आयाबहिणी आहेत. त्यांच्या लेखी आपण कोण? त्यांचे पुणे आपणच! आमच्या आळीत मी जसा टाकीजवळचा होतो आणि ती मुलगी शेवटच्या घरची, तसेच हे आहे. प्रत्येक जण कोणाच्या तरी वरच्या अंगाला असतोच.

शेतकरी बंधूंनो, आता थोडे तुमच्याकडे वळतो. राग मानू नका. वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून आपण मोटारीला 'ऑटो' बसवतो. वीज आली की मोटार आपोआप चालू. आपण घरी झोपलेले आणि पाणी रात्रभर उसाच्या सरीतून वाहते, बांध फोडते, ओढ्याला जाते. रात्री साप-विंचवाच्या भीतीने माणूस शेतात जात नाही, हे मी समजू शकतो. वीज दिवसा मिळाली पाहिजे, ही तुमची मागणी रास्तच आहे. पण रात्रभर सोडलेल्या पाण्याने पीक जास्त येत नाही. जमीन चिबडते, खारावते, आणि दिलेले खत मुळांखाली निघून जाते. ठिबक बसवले तर तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजते, हे डाळिंबवाल्यांनी आपल्याच जिल्ह्यात करून दाखवले आहे. ऊस लावूच नका, असे मी म्हणत नाही. उसावर कितीतरी घरे उभी आहेत. जितके पाणी तितका ऊस, एवढेच म्हणणे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची कथा तुम्ही ऐकली असेल. तिथला पाऊस काही आपल्यापेक्षा जास्त नाही. पण पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, झाड तोडायचे नाही. दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतात, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवतात. आपण घरखर्चाचा हिशेब ठेवतो, तसा त्यांनी पाण्याचा ठेवला. त्यासाठी शंभर घरांनी शंभर सवयी मोडल्या.

सवय ताटातही असते. ज्वारी हे आपल्या मातीचे अन्न. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर, थंडीच्या दवावर येते. तिला कालवा लागत नाही, कडबा जनावराला मिळतो तो वेगळाच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण आज आपल्याच पोरांना डब्यात भाकरी न्यायची लाज वाटते. मैद्याची बिस्किटे चालतात, भाकरी चालत नाही. भाकरी ताटातून उठली की ज्वारी रानातून उठते आणि तिच्या जागी जास्त पाणी मागणारे पीक येते. ताटाचा आणि शिवाराचा असा संबंध आहे.

शिक्षक मित्रांनो, आता थोडे आपल्यापुरते. मुलांना 'पाणी वाचवा' असा निबंध लिहायला सांगणे सोपे आहे. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. निबंध उत्तम येत आणि शाळेचा नळ गळतच राही. त्यापेक्षा तीन साधी कामे सुचवतो. पहिले, गळणाऱ्या नळाखाली एक डबा ठेवा आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत किती पाणी साठते ते मुलांनाच मोजू द्या. दिवसाचे, महिन्याचे, वर्षाचे गणित त्यांनीच करावे. मग वायसर बदलायला मुलेच तुमच्या मागे लागतील. दुसरे, शाळेच्या छपराचे माप घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब खोलीवर पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर चोवीस हजार लिटर. काही सांडले, काही उडाले, तरी पन्हळ लावून उरलेले टाकीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात नेता येते. तिसरे, मुलांकडून आपापल्या घरच्या पाण्याची एक आठवडा नोंद करून घ्या. कोणाला किती मिळाले आणि कोणी किती ओतले. मात्र ती वही वर्गात मोठ्याने वाचू नका. कोणाच्या घरची उणीव चारचौघांत उघडी करू नये. हे मी अनुभवाने सांगतो.

सोलापूर शहराच्या मध्यावर सिद्धेश्वरांचे तळे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते खणले, असे आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. गड्ड्याच्या यात्रेला आपण सारे भक्तिभावाने जातो. ज्यांनी भक्ती म्हणून तळे खणले, त्यांच्याच तळ्यात पिशवीसकट निर्माल्य टाकून आपण हात जोडतो. फुले घरच्या झाडाच्या बुंध्याशी घातली तर त्यांचे खत होते, आणि देवाला त्यात कमीपणा मुळीच वाटणार नाही.

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. मी मोटार काढली आणि पाणी ओतणे बंद केले. पहिल्या दोन खेपांना काडीचाही फरक पडला नाही. एका घराने काय होते? मग मी घरोघर गेलो. काहींनी ऐकले. काही म्हणाले, "गुरुजी, आधी दुसऱ्यांच्या मोटारी काढा." त्यांचेही बरोबर होते. शेवटी ग्रामसभेत विषय निघाला आणि पंचायतीने चावी फिरवून शेवटच्या टोकाला आधी पाणी सोडायचे ठरवले. नुसत्या सवयीने भागत नाही, व्यवस्थाही लागते. पण आधी पंधरा-वीस घरांनी सवय बदलली नसती, तर ग्रामसभेत हात वर झाले नसते.

ज्या दिवशी तिच्या नळाला पहिल्यांदा पाणी आले, त्या दिवशी ती मुलगी शाळेत उशिरा आली, पण आली. मी विचारले, "किती आलं?" ती म्हणाली, "दोन घागरी, गुरुजी." फक्त दोन. माझ्या घरून जेवढे गटारीत जात होते, त्याच्या बरोबर निम्मे.

मी तिला बस म्हणालो आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे हजेरी मांडली.

उद्या सकाळी तुमच्याही नळाला पाणी येईल. कालचे पाणी ओतण्याआधी घागर हातात धरून क्षणभर थांबा, आणि आपल्या आळीतले शेवटचे घर कोणाचे आहे ते आठवून पहा. एवढेच माझे सांगणे.